कोलंबस, इंडियाना: भाड्याचं घर शोधताना या चुका टाळा

पुण्याहून कमिन्स या इंजिन कंपनीच्या कामासाठी इंडियानातल्या कोलंबसला येणारी बरीच मराठी कुटुंबं घराचा शोध भारतात बसूनच सुरू करतात. पहिली गडबड तिथेच होते. नुसतं 'कोलंबस' टाकलं की ओहायोची राजधानी समोर येते, आणि ते शहर इथून गाडीने तीन तासांवर आहे. शोधताना ४७२०१ आणि ४७२०३ हे झिपकोड टाका.

दुसरी चूक म्हणजे वेबसाइटवरचं 'सरासरी भाडं' खरं मानणं. जेमतेम ५० हजार वस्तीच्या गावात एका वेळी रिकामी घरं थोडीच असतात, आणि ऑनलाइन दिसतात ती बहुतेक मोठ्या कॉम्प्लेक्समधली. एखाद्या मालकाचं जुनं घर किंवा ड्युप्लेक्सचा (इथे म्हणजे दोन कुटुंबांसाठी बांधलेलं जोडघर) अर्धा भाग अंगणातल्या पाटीवर, फेसबुकवर किंवा ऑफिसातल्या ओळखीतून कळतो. म्हणून पहिला महिना कंपनीने दिलेल्या जागेत काढता आला तर उत्तम. गावात फिरून घर बघा. उन्हाळ्यात इंटर्न येतात, तेव्हा कमी मुदतीच्या लीजसाठी चढाओढ असते.

भाड्याचा अंदाज घ्यायला एक चांगला आधार आहे. अमेरिकेच्या केंद्र सरकारचं गृहनिर्माण खातं दरवर्षी काउंटीनुसार (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) 'फेअर मार्केट रेंट' जाहीर करतं. कोलंबस ज्यात येतं त्या बार्थोलोम्यू काउंटीचा आकडा बघा. पण त्यात वीज, गॅस, पाणी धरलेलं असतं. तो नुसत्या भाड्याशी ताडून 'घर स्वस्तात मिळालं' असं म्हणू नका.

खरा घोळ होतो तो हिशोबात. समजा, जाहिरातीत भाडं १,२०० डॉलर आणि वर एक महिना फुकट. म्हणजे वर्षाचे १३,२००, महिन्याला १,१०० पडले. छान वाटतं, पण रिन्यूअलच्या वेळी वाढ लागते ती १,२०० वर. शेजारचं १,१२५ चं, सवलत नसलेलं घर दोन वर्षांत स्वस्त पडू शकतं. त्यावर पाळीव प्राण्याचं भाडं, कचरा, पार्किंग, रेंटर्स इन्शुरन्स (भाडेकरूचा विमा) चढतं. आणि हीटिंग! भिंतीच्या तळाशी लांबट पट्टीसारखे इलेक्ट्रिक हीटर दिसले, तर जानेवारी-फेब्रुवारीची बिलं आधी विचारा. गॅस फर्नेसचं (गॅसवर हवा तापवणाऱ्या यंत्राचं) घर दहा-वीस डॉलरने महाग असलं तरी बऱ्याचदा तेच परवडतं. पुण्याहून आलेल्या माणसाला हे सुचणं कठीणच, म्हणून ठासून सांगतो. बघायला जाल तेव्हा थर्मोस्टॅट चालू करून हवा गरम येते का बघा, आणि खिडक्यांच्या फटींवर हात फिरवा.

नवीन माणसाकडे क्रेडिट हिस्टरी, म्हणजे अमेरिकेत उधारी वेळेवर फेडल्याची नोंद, नसते, त्यामुळे अर्ज अडतो. गप्प बसू नका. ऑफर लेटर, पगाराचं पत्र आणि बँकेचं स्टेटमेंट सोबत ठेवा, जादा डिपॉझिट चालेल का विचारा. मात्र 'मी परदेशात आहे, पैसे पाठवा, किल्ली कुरिअरने येईल' म्हणणाऱ्याला एक डॉलरही देऊ नका. घराचा मालक कोण, हे काउंटीच्या मालमत्ता नोंदीत तपासता येतं. स्वतः येता येत नसेल, तर इथल्या ओळखीच्या माणसाला आत जाऊन व्हिडिओ कॉल करायला सांगा. मराठी मंडळी यासाठी आनंदाने जातात.

लीजमध्ये घर सोडण्याची सूचना किती दिवस आधी द्यायची, ते सहीआधी वाचा. बऱ्याच लीजमध्ये ६० दिवस असतात, आणि चुकलात तर जादा भाडं भरावं लागतं. राहायला येताच प्रत्येक डाग, ओरखडा तारखेसह फोटोत टिपून मालकाला ईमेल करा. इंडियानाच्या कायद्यानुसार घराचा ताबा सोडल्यावर मालकाने ४५ दिवसांत डिपॉझिट परत करायचं किंवा कापलेल्या रकमेचा हिशोब द्यायचा असतो. पण त्यासाठी तुमचा नवा पत्ता त्याला लेखी द्यावा लागतो. भारतात परतणारे नेमकं हेच विसरतात. विमानात बसण्याआधी तो ईमेल पाठवा आणि पोचल्याचं उत्तर मागून घ्या.