स्टँडर्ड हेरल्डचं छत उतरवून हूड बसवताना

जुन्या गाडीचं पत्र्याचं छत काढून हूड, म्हणजे मिटणारं कापडी छप्पर, बसवायचं तर पुण्यात सगळ्यात सोपी पडते ती दोन दारांची स्टँडर्ड हेरल्ड, म्हणजे ब्रिटिश ट्रायम्फ हेरल्डची भारतीय आवृत्ती. मूळ ट्रायम्फ हेरल्ड १९५९ची, आखणी इटालियन डिझायनर मिकेलोत्तीची, आणि ट्रायम्फची स्पिटफायर ही स्पोर्ट्स कार याच चासीवरून निघाली. हेरल्डची चासी वेगळी आहे आणि छत बोल्टने बसवलेलं आहे. प्रीमियर पद्मिनीसारख्या मोनोकॉक गाडीत छत हा सांगाड्याचाच भाग असतो. तिथे ग्राइंडर लावला की गाडी मधोमध खचते, म्हणून त्या वाटेला जाऊ नका.

पाना हातात घेण्याआधी कागदपत्रं बघा. आरसीवर बॉडीचा प्रकार लिहिलेला असतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि जानेवारी २०१९चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यांनुसार निर्मात्याच्या मूळ रचनेपेक्षा वेगळा बदल चालत नाही. शिवाय २०२१च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला 'व्हीए' मालिकेतला विंटेज नंबर हवा असेल, तर बॉडी शेल आणि इंजिन मूळ रूपात लागतं. म्हणून बॉडीचा पत्रा कुठेही कापू नका, छत परत बसवता येईल असंच काम करा. संगम पुलाजवळच्या आरटीओकडून आणि विमा कंपनीकडून लेखी उत्तर घ्या. ते मिळेपर्यंत उघडी गाडी रस्त्यावर काढू नका.

पहिलं काम चासीचं. हेरल्डच्या दाराखालचे सिल बोल्टने लावलेले, नुसते दिसण्यापुरते असतात. त्यात पाइप भरून मजबुती येत नाही, तरी बरेच फॅब्रिकेटर तेच सुचवतात. खरा भार मुख्य रेल आणि बाजूला निघालेल्या आउटरिगरवर येतो. तिथला गंज स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा. टोक आत गेलं तर तो तुकडा २ मिमी पत्र्याने बदला, वर ठिगळ मारू नका. वेल्डिंग २५ मिमीचे टाके, मध्ये तेवढीच जागा सोडून, आलटून पालटून दोन्ही बाजूंना. सलग ओढलं तर उष्णतेने रेल वाकते. बॅटरी आणि डिकीतली पेट्रोलची टाकी आधीच बाहेर काढा.

आता माप. गाडी चारही चाकांवर, सपाट फरशीवर उभी ठेवा. जॅकवर माप फसवं येतं. प्रत्येक दाराची पुढची आणि मागची फट वर, मध्ये, खाली व्हर्नियरने मोजून लिहा. मग दाराच्या पुढच्या आणि मागच्या खांबामध्ये २५ मिमी चौकोनी पाइपचा तात्पुरता आडवा बांध आणि एक तिरका बांध बोल्टने लावा.

बोल्टवर गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर सोडा. आतलं अस्तर उतरवा, पुढे काचेच्या चौकटीवरचे आणि मागे डेकच्या, म्हणजे डिकीच्या झाकणापुढच्या पत्र्याच्या, कडेचे बोल्ट काढा. जुन्या सीलमुळे छत चिकटून बसलेलं असतं. पातळ पट्टी फिरवून सील कापा. पहार घातली तर कडा चेपते. छत चौघांनी उचलावं.

बांध काढून फटी परत मोजा. वरची फट कमी झाली, दार लॉकपाशी अडकू लागलं, तर बॉडी मधोमध बसली आहे. हेरल्डमध्ये बॉडी आणि चासीच्या मधल्या शिम (पातळ चकत्या) कमी-जास्त करून फट जुळते. दार घासून किंवा ठोकून जुळवाल, तर पहिल्या खड्ड्यालाच ते पुन्हा अडेल.

मागच्या डाव्या-उजव्या खांबांना जोडणारा आडवा पाइप हवाच. २५ मिमी, २ मिमी जाडीचा, टोकांना प्लेट, बोल्टने. सीटबेल्टचा वरचा आधार छतासोबत जात असेल, तर तो चाकाच्या कमानीवर घ्या. ७/१६ इंची यूएनएफ (बारीक आट्यांचा) बोल्ट आणि आतून ३ मिमीची प्लेट लावा. साध्या वॉशरवर बेल्ट टांगू नका.

हूडची चौकट भोसरीत कुठलाही चांगला फॅब्रिकेटर करून देतो, पण साचा तुमचा हवा. आधी पुठ्ठ्याच्या पट्ट्या टाचण्यांनी जोडून उघडझाप करून बघा. बिजागरी १० मिमी इकडेतिकडे झाली तरी मिटलेला हूड मागच्या सीटवर चढतो. कमानी १९ मिमी ईआरडब्ल्यू (विजेने सांधलेल्या) पाइपच्या, बिजागरीत पितळी बुश आणि नायलॉक, म्हणजे हादऱ्याने न सुटणारे नट.

कापडाचं काम उन्हाळ्यात उरका. विनाइल उन्हात मऊ पडतं आणि सुरकुतीशिवाय ताणलं जातं. थंडीत ताणलेलं नंतर ढिलं पडतं. शिवणीचा दुमड खालच्या बाजूला, म्हणजे पाणी आत न शिरता ओघळतं. दोरा ऊन सोसणारा पॉलिस्टरच घ्या. आतून सीम सीलर लावून दोन दिवस हूड बंद ठेवा, मगच कडा कापा. मागची प्लास्टिकची काच थंड असताना दुमडली तर तडकते, आणि पावसात भिजलेला हूड मिटून ठेवला तर आठवड्यात बुरशी धरते.

पाण्याची परीक्षा नळीने, पुढून मागे, दहा मिनिटं. गळती बहुतेक वेळा काचेच्या चौकटीच्या कोपऱ्यात सापडते. तिथलं रबर अखंड घ्या, जोड देऊ नका. काढलेलं छत भिंतीला टेकवून उभं ठेवू नका, ते वाकतं. सपाट पाटावर, चारही कोपऱ्यांना आधार देऊन ठेवा आणि बोल्टांना जागेच्या नावाची चिठ्ठी लावून ते छतालाच बांधा.