मावशीला पुन्हा भेटायचं तर

आठ वर्षांचा असताना शिवाजी मंदिर नाट्यगृहाच्या बाल्कनीत, बाबांच्या मांडीवर बसून 'मोरूची मावशी' हे नाटक पाहिलं. मावशी झालेले विजय चव्हाण साडीत नाचायला लागले आणि हसता हसता माझी वेफर्सची पिशवी खालच्या रांगेतल्या काकांच्या टकलावर सांडली. बाकी कथानक शून्य आठवत होतं.

तुम्हालाही असं नाटक परत बघायचं असेल तर त्यातल्या 'टांग टिंग टिंगा' गाण्याच्या तुकड्यांपासून सुरुवात करू नका. अख्खं रेकॉर्डिंग टीव्हीवर लावा. मोबाइलवर बघणं म्हणजे वडा चमच्याने खाणं. मध्यंतराला खरंच उठा.

पहिल्या अंकात मावशीकडे बघूच नका (जमणार नाही, तरी). मावशी म्हणजे साडीतला पुरुष, हे गुपित ठाऊक असलेल्या पोरांकडे बघा. ती घाबरतात म्हणून आपण हसतो. लहानपणी मला फक्त साडी दिसली होती.

मग अत्र्यांची संहिता वाचा, मोठ्याने. मूळ 'चार्लीज आंट' 1892 चं, इंग्रजी. पण अत्र्यांची मावशी कुठूनच परकी वाटत नाही.

आणि शेजारी एखादं आठ वर्षांचं पोर बसवा. वेफर्स वाटीत द्या.