१, २, २, ३, ३, ३… यातलं १००वं पद कोणतं?
लातूर-नांदेडकडं स्पर्धा परीक्षेला बसणाऱ्या पोरांनो, १, २, २, ३, ३, ३, ४, ४, ४, ४… अशी मालिका दिसली की पदं लिहीत बसू नका. पदक्रमांकाची दुप्पट करा, वर्गमूळ काढा, सगळ्यात जवळची पूर्ण संख्या घ्या. १००व्या पदासाठी २००चं वर्गमूळ साधारण १४.१४, म्हणून उत्तर १४. पडताळाही सोपा: १३ हा आकडा १३×१४÷२, म्हणजे ९१व्या जागी संपतो आणि १४ हा १०५व्या. वर्गमूळ नेमकं अर्ध्यावर कधीच येत नाही, त्यामुळं वर जायचं की खाली हा घोळच नाही.

मात्र १, २, २, २, ३, ३, ३, ३, ३ अशी विषम वेळा येणारी मालिका असेल तर दुप्पट नको. नुसतं वर्गमूळ काढा. अपूर्णांक आला तर पुढची पूर्ण संख्या. तिथं १००वं पद १०.