मत्स्यपोषण घ्यायचंय? मग नत्राच्या मागे लागा

एम.एफ.एस्सी.ला, म्हणजे मत्स्यविज्ञानाच्या पदव्युत्तर पदवीला, कोणता विषय घ्यावा, असं बी.एफ.एस्सी.च्या (पदवीच्या) शेवटच्या वर्षातली मुलं मला विचारतात. मी नागपुरात, तेलंगखेडीच्या मत्स्यविज्ञान महाविद्यालयात शिकलो आणि पुढे मत्स्यपोषणातच रमलो. म्हणून जे सांगतोय ते या विषयावरच्या प्रेमातून, हे आधीच लक्षात घ्या.

खाद्याच्या पोत्यावर प्रथिनांचा टक्का छापलेला असतो आणि नवीन विद्यार्थी त्या आकड्यालाच धरून बसतो. रोहू, कटला, मृगळ यांच्या बोटुकलीला (बोटाएवढ्या पिल्लाला) साधारण 30 ते 35 टक्के प्रथिनं लागतात, त्याहून लहान पिल्लांना 40 च्या वर, मोठ्या माशाला कमी. हे पाठ होतंच. खरा अभ्यास पुढे आहे: खाल्लेल्या प्रथिनातलं किती अंगाला लागलं आणि किती पाण्यात गेलं?

प्रथिनात सरासरी 16 टक्के नत्र असतो. म्हणजे 30 टक्के प्रथिनांच्या एक किलो खाद्यात 48 ग्रॅम नत्र. त्यातला साधारण पाव ते एक तृतीयांश भाग माशाच्या शरीरात राहतो. बाकीचा काही विष्ठेतून जातो, पण बराचसा अमोनिया होऊन कल्ल्यांवाटे बाहेर पडतो. प्रथिनं पचून सुटणारी जादा अमिनो आम्लं साठवून ठेवायची सोय माशाकडे नाही. यकृतात त्यांचा अमिनो गट काढला जातो आणि उरलेला कार्बनचा सांगाडा ऊर्जेसाठी जळतो किंवा चरबीत जातो. म्हणून प्रथिनं वाढवली की यकृतातल्या एएलटी, एएसटी या अमिनो गट हलवणाऱ्या विकरांची (एन्झाइमांची) हालचालही वाढलेली दिसते. वाढ मात्र एका टप्प्यानंतर थांबते. ती रेषा आडवी होताना आलेखावर स्वतः पाहिली की विषय डोक्यात बसतो.

खाद्यातला सगळ्यात महाग घटक प्रथिनंच. ती ऊर्जेसाठी जाळणं म्हणजे घर शेकायला सागवान जाळणं. रोहू-कटलासारखे कार्प मासे शिजवलेला स्टार्च बऱ्यापैकी पचवतात. पिष्ट आणि तेल योग्य प्रमाणात दिलं तर ऊर्जेची गरज त्यातून भागते आणि प्रथिनं वाढीसाठी उरतात. प्रबंधासाठी विषय शोधत असाल तर मी इथेच शोधा म्हणेन. विदर्भात कच्चा माल दाराशी आहे: सोया डीओसी (तेल काढून उरलेली सोयाबीनची ढेप), सरकीची ढेप, जवसाची ढेप, धानाचा कोंडा. प्रत्येकाची खोड वेगळी. कच्च्या सोयाबीनमध्ये ट्रिप्सिन या प्रथिनं पचवणाऱ्या विकराला अडवणारे घटक असतात, ते उष्णतेनं निकामी करावे लागतात. कार्पला जठर नसतं, म्हणून जठरातलं पेप्सिन हे पाचक विकरही नसतं. प्रथिनांचं पचन आतड्यातल्या ट्रिप्सिन-कायमोट्रिप्सिनवरच चालतं, तेव्हा हा अडथळा त्याला चांगलाच भोवतो. सरकीत गॉसिपॉल हा विषारी घटक असतो. मेथिओनिन आणि लायसिन ही माशाला खाद्यातूनच मिळावी लागणारी अमिनो आम्लं; सोयात मेथिओनिन कमी पडतं, शेंगदाण्याच्या ढेपेत दोन्ही.

प्रयोगशाळेत केल्डाल पद्धत मन लावून शिका. ती नत्र मोजते, प्रथिनं नव्हे; त्याला 6.25 ने गुणून आपण प्रथिनं काढतो. युरिया मिसळलेली ढेपही तिथे भरघोस प्रथिनं दाखवते. बाजारातून नमुना आणलात की हे विसरू नका.

नागपूरचा उन्हाळा आपल्याला वेगळं शिकवतो. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो, आणि सामू (पीएच) व तापमान चढलं की अमोनियाचा विषारी भाग वाढतो. खाणं दिल्यावर काही तासांत अमोनियाचं उत्सर्जन शिगेला जातं आणि त्याच वेळी माशाची प्राणवायूची गरजही वाढलेली असते. मे महिन्यात टाक्यांवर प्रयोग लावणार असाल तर हवा पुरवणारा पंप आणि वीज गेल्यावरची सोय आधी बघा, खाद्याचं सूत्र नंतर.

नोकऱ्यांबद्दल थोडक्यात: खाद्य कंपन्यांत तांत्रिक पदं, राज्याच्या मत्स्यव्यवसाय विभागातली पदं, किंवा पीएच.डी. करून संशोधन.

यातलं काहीही करायचं असलं तरी पिअर्सन चौकोन, म्हणजे दोन घटक किती प्रमाणात मिसळायचे ते काढायची रीत, हातानं सोडवायची सवय लावा. समजा, ढेपेत 42 टक्के प्रथिनं, कोंड्यात 12 आणि तुम्हाला हवीत 30. 30 वजा 12 म्हणजे ढेपेचे 18 भाग, 42 वजा 30 म्हणजे कोंड्याचे 12 भाग. शंभर किलोत 60 किलो ढेप, 40 किलो कोंडा. उत्तर आलं की त्याच कागदावर खाली लायसिन आणि मेथिओनिनचा हिशेब मांडा, म्हणजे हे 30 टक्के माशाच्या कामाचे आहेत की नाहीत ते कळेल.