समुद्रातल्या ट्रायथलॉनची यादी भरती-ओहोटीपासून सुरू करा

ट्रायथलॉनला, म्हणजे पोहणं, सायकल आणि धावणं सलग करायच्या स्पर्धेला, नाव नोंदवलं की पहिली यादी तयार होते ती खरेदीची: चाकं, बूट, घड्याळ. स्पर्धा किनाऱ्यावरची असेल तर ही यादी उलटी करावी लागते. समुद्रात उतरल्यावर विकत घेतलेलं फारसं काही कामाला येत नाही. पाणी त्या वेळी कुठे ओढणार आहे हे ठाऊक असलेलं मात्र कामाला येतं. म्हणून पहिल्या ओळीत भरती-ओहोटीचं वेळापत्रक लिहा, सायकल बरीच खाली येऊ द्या.

त्याआधी अंतर ठरवा. स्प्रिंट या छोट्या प्रकारात ७५० मीटर पोहणं, २० किलोमीटर सायकल आणि ५ किलोमीटर धावणं असतं. ऑलिंपिक अंतर म्हणजे १.५, ४० आणि १० किलोमीटर. त्यापुढची अंतरं पहिल्या खेपेला नकोतच, असं माझं स्पष्ट मत. पळणारी मंडळी धावण्याच्या भरवशावर अंतर निवडतात आणि पाण्यात फसतात. निवड पोहण्यावरून करा. तलावात स्पर्धेच्या दीडपट अंतर न थांबता, धाप न लागता जमत असेल, तेच अंतर आपलं. दीडपट अशासाठी की तलावात दर २५ किंवा ५० मीटरला भिंत येते, तिला पाय मारून आपण फुकटचे दोन-तीन मीटर मिळवतो. समुद्रात ती सोय नाही.

आता वेळापत्रक. पोहणं सुरू होईल तेव्हा भरती चढत असेल की ओहोटी लागलेली असेल, ते पाहा. बहुतेक किनाऱ्यांवर भरतीपासून ओहोटीपर्यंत सहा तासांहून थोडा जास्त वेळ जातो, आणि त्यातल्या मधल्या दोन तासांत साधारण निम्मं पाणी हलतं. आपलं पोहणं नेमकं त्यात पडत असेल तर प्रवाहाशी गाठ आहे असं धरून चाला. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, ओढ जास्त. अष्टमीच्या सुमारास भांग, ओढ कमी. भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे साधारण पंधरा दिवसांनी त्याच घड्याळवेळेला पाणी पुन्हा जवळपास त्याच स्थितीत येतं. सरावाची तारीख यावरूनच काढा. स्पर्धेच्या पंधरवडाभर आधी त्याच वेळी त्याच किनाऱ्यावर उतरता आलं तर त्यासारखा सराव नाही. पाणी पोहण्याइतकं खोल होईपर्यंत किती चालावं लागतं, पायाखाली वाळू आहे की खडक, हेही तेव्हाच कळतं.

सरावाला एकट्याने उतरू नका. टोपी भडक रंगाची घ्या आणि कमरेला फुगा बांधा, म्हणजे होडीवाल्याला आपण दिसतो. फुटणारी लाट अंगावर घेत बसू नका. ती यायच्या आधी बुडी मारून खालून निघा. दिशा पाहायची सवय तर आठवडे घालवून लावावी लागते. दर सहा-आठ हातांनी डोळे पाण्यावर काढायचे, समोर नजर टाकायची आणि तोंड बाजूला वळवून श्वास घ्यायचा. डोकं पूर्ण वर काढलं की कंबर बुडते आणि वेग मरतो. शिवाय मार्ग दाखवणारा तरंगता बोया लाटांआड लपतो, म्हणून त्याच्या रेषेत मागे एखादी उंच खूण हेरून ठेवा: इमारत, टेकडी, दीपस्तंभ. लाटेच्या माथ्यावर असतानाच पाहा, खळग्यातून नुसतं पाणीच दिसतं. श्वास दोन्ही बाजूंनी घेता यायलाच हवा, कारण लाट कोणत्या बाजूने येईल हे आपल्या हातात नसतं. आणि किनाऱ्यापासून आत ओढणारा प्रवाह लागला तर त्याच्याशी समोरासमोर झुंजू नका. किनाऱ्याला समांतर पोहत त्याच्या पट्ट्याबाहेर पडा, मग वळा.

डॉक्टरांकडची तपासणी लोक यादीत शेवटी लिहितात आणि विसरतात. ती वर आणा. अमेरिकेत १९८५ ते २०१६ या काळात ट्रायथलॉनमध्ये झालेले मृत्यू आणि हृदय बंद पडण्याचे प्रकार अभ्यासले गेले. अशा १३५ घटनांपैकी ९० पोहताना घडलेल्या होत्या. पोहणं पहिलं ठेवतात ते दमलेला माणूस पाण्यात जाऊ नये म्हणून. गंमत अशी की १९७४ साली सॅन डिएगोच्या मिशन बेमध्ये पहिली आधुनिक ट्रायथलॉन झाली, तेव्हा पोहणं सगळ्यात शेवटी होतं! धोका पोहतानाच जास्त, म्हणून सुरुवातीच्या गर्दीत घुसू नका, कडेला किंवा मागे उभे राहा. छाती भरून आली, श्वास घेता येईनासा झाला, तर पाठीवर वळा आणि हात वर करा. बहुतेक स्पर्धांत मदतीला असलेल्या कयाकला, म्हणजे छोट्या होडीला, धरून थांबायला मुभा असते, पुढे सरकलं नाही म्हणजे झालं. ही मुभा आपल्या स्पर्धेत आहे का, ते नियमपत्रिकेत आधी वाचून ठेवा. वेटसूटचंही, म्हणजे पोहताना घालायच्या रबरी सूटचंही, तिथेच पाहा. पाणी ठरावीक तापमानापेक्षा उबदार असेल तर तो चालत नाही.

खारं पाणी कातडी सोलतं. मान, काखा, मांड्यांच्या आतली बाजू, जिथे जिथे कापड घासतं तिथे व्हॅसलिन लावा, पण गॉगलला हात लावण्यापूर्वी नव्हे. एक बोट काचेला लागलं की पुढचा सगळा समुद्र धुरकट. गॉगल दोन घ्या. एक गडद काचेचा, कारण सकाळचं ऊन थेट डोळ्यांत येतं. त्याचा पट्टा टोपीखाली असू द्या, म्हणजे कुणाचा हात लागला तरी तो सुटून जाणार नाही. जेलीफिश चावली तर तो भाग गोड्या पाण्याने धुऊ नका. समुद्राच्याच पाण्याने धुवा आणि वैद्यकीय पथकाला दाखवा.

ट्रान्झिशनची जागा, म्हणजे एका टप्प्यातून दुसऱ्यात जाताना सामान बदलायची जागा, आदल्या दिवशी पायी फिरून पाहा. पाण्यातून कुठून आत यायचं, सायकल घेऊन कुठून बाहेर पडायचं, सायकल लावायचा आपला रॅक कितवा, हे मोजा. शेकडो सायकलींत आपली शोधणं पाण्यातून नुकतं डोकं वर काढलेल्या माणसाला वाटतं तितकं सोपं नसतं. जमिनीवर भडक रंगाचा छोटा टॉवेल पसरा. त्यावर पुढे सायकलचे बूट, मागे धावण्याचे बूट, त्यांना लवचीक नाड्या. हेल्मेट हँडलवर उलटं, पट्टे बाहेर सोडलेले, आत चष्मा आणि नंबर लावलेला पट्टा. शेजारी साध्या पाण्याची बाटली हवीच, पायाची वाळू धुवायला. वाळूचे चार कण मोज्यात राहिले तर धावताना फोड आणून सोडतात. सायकल हलक्या गिअरमध्ये ठेवा. आणि हे पाठ करा: आधी हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली लावायचा, मग सायकलला हात. उलट केलंत तर दंड होऊ शकतो. वेळ नोंदवणारी टायमिंग चिप डाव्या घोट्याला, चेनपासून दूर.

सायकलच्या टप्प्यात किनाऱ्यावर खरा शत्रू चढ नसतो, वारा असतो. सकाळी जमिनीवरून येणारे मतलई वारे ओसरतात आणि ऊन वर आलं की खारे वारे सुरू होतात, म्हणजे सुरुवात आणि शेवट यांतली हवा एकच नसते. खोल रिमची चाकं आडव्या वाऱ्यात हँडल हिसकावतात. ती कुणाकडून उसनी मिळत असली तरी राहू द्या. वाऱ्यासमोर वेगाकडे पाहू नका, दमाकडे पाहा. दुसऱ्याच्या चाकामागे लपणंही नको, हौशी गटात त्याला बहुतेक ठिकाणी मनाई असते. पंक्चरचं सामान, म्हणजे ट्यूब, लिव्हर आणि पंप, सीटखाली बांधा. काढून बसवायचा सराव घरी केलेला असावा. खाणं-पिणं याच टप्प्यात उरकायचं. स्पर्धा लांबणार असेल तर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पुरतात. नुसतं पाणी ढोसू नका, त्यात मीठ हवं, कारण अति पाण्याने रक्तातलं सोडियम उतरतं. सरावात न खाल्लेलं काहीही स्पर्धेत तोंडात घालू नका.

धावण्याबद्दल फार लिहायला नको. सायकलवरून उतरून लगेच धावायचा सराव आठवड्यातून एकदा करा, म्हणजे पाय लाकडासारखे का झाले याचं नवल वाटणार नाही. पहिला किलोमीटर मुद्दाम हळू. टोपी घाला, किनाऱ्यावर सावली क्वचित मिळते.

स्पर्धेच्या सकाळी क्रम असा: आधी अंगावर नंबर, मग सनस्क्रीन, नाहीतर शाई धरत नाही. टायर त्याच सकाळी भरा. आदल्या दुपारी कडक भरून उन्हात ठेवलेली ट्यूब फुटू शकते. मग पाण्यात थोडं उतरून अंग मोकळं करून घ्या. स्पर्धा संपली की पदक गळ्यात ठेवूनच सायकलवर गोडं पाणी ओता आणि कोरडी करून चेनला तेल द्या, नाहीतर दोन दिवसांत गंज दिसेल. वेटसूट आत-बाहेरून धुऊन, उलटा करून सावलीत वाळत घाला.