ग्रॅच्युइटीचा हिशेब शेठकडे जाण्याआधी स्वतः करा

जळगावच्या दालमिलमध्ये किंवा चटईच्या कारखान्यात बारा-तेरा वर्षं काढलेला माणूस काम सोडतो, तेव्हा ऑफिसात सहीसाठी एक कागद पुढे येतो. त्यावर आधीच टाइप केलेलं असतं : 'माझे कोणतेही येणे बाकी नाही.' सही करायच्या आधी ग्रॅच्युइटीचा, म्हणजे इतक्या वर्षांच्या नोकरीबद्दल काम सोडताना मालकाने द्यायच्या एकरकमी पैशांचा, आकडा तुमच्या खिशात असायला हवा. तो काढायला वकील लागत नाही.

शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता यांची बेरीज करा, २६ ने भागा, १५ ने गुणा आणि नोकरीच्या वर्षांनी गुणा. बेरीज १५,६०० रुपये असेल तर एका दिवसाचा पगार ६०० रुपये पडतो, पंधरा दिवसांचे ९,०००. नोकरी १२ वर्षं ८ महिने झाली असेल तर १३ वर्षं धरतात, कारण सहा महिन्यांच्या वरचा तुकडा पूर्ण वर्ष मानतात. रक्कम झाली १,१७,००० रुपये. आता गंमत बघा. हिशेबनीसाने २६ ऐवजी ३० ने भागलं तर हाच आकडा १,०१,४०० होतो. फरक १५,६०० रुपयांचा, म्हणजे नेमका एका महिन्याचा पगार गेला. ही चूक सर्रास होते आणि दर वेळी ती मुद्दाम केलेली असतेच असं नाही. पण पैसा तुमचाच जातो.

दुसरी गोम पगाराच्या चिठ्ठीत असते. समजा एकूण पगार २०,००० आहे, पण मूळ पगार ७,००० च दाखवलाय आणि उरलेले १३,००० घरभाडे, प्रवास वगैरे भत्त्यांत टाकलेत. ग्रॅच्युइटीचा १९७२ चा कायदा आता सामाजिक सुरक्षा संहितेत गेला आहे आणि ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे. तिच्यातल्या व्याख्येप्रमाणे असे भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्यापेक्षा जास्त झाले, तर वरची रक्कम वेतनातच धरायची. म्हणजे इथे ३,००० परत वेतनात येतात आणि हिशेब १०,००० वर होतो. किमान वेतनासोबत मिळणारा, जानेवारी आणि जुलैत बदलणारा विशेष भत्ताही महागाई भत्त्यासारखाच धरा. ओव्हरटाइम मात्र धरू नका.

हक्क कधी लागतो? दुकान किंवा आस्थापनेत दहा माणसं असली पाहिजेत, आणि सलग पाच वर्षं नोकरी. एकदा कायदा लागू झाला की पुढे माणसं आठ झाली तरी तो सुटत नाही. वर्ष 'सलग' धरायला २४० दिवस लागतात. त्यात पगारी रजा, कामावर झालेल्या अपघातामुळे घरी काढलेले दिवस आणि बाळंतपणाची रजा मोजली जाते. मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर पाच वर्षांची अट नाही. ठरावीक मुदतीच्या करारावर घेतलेल्या माणसालाही करार संपल्यावर मुदतीच्या प्रमाणात रक्कम मिळते. चार वर्षं आठ महिन्यांवर राजीनामा द्यायच्या बेतात असाल तर चार महिने कळ काढा. तेवढ्यावर वाद घालण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.

खान्देशात सगळ्यात जास्त घोळ जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्यांच्या, हंगामी कामगारांचा होतो. दिवाळीच्या सुमारास जिन सुरू होते, कापूस संपला की बंद. 'तू बारमाही नाहीस, तुला काही नाही,' हे ऐकून माणसं परत फिरतात. ते चूक आहे. हंगामी आस्थापनेत दर हंगामाला सात दिवसांचं वेतन मिळतं. जिन जितके दिवस चालली त्याच्या ७५ टक्के दिवस कामावर असलात की तो हंगाम भरला. जिन १४० दिवस चालली तर तुमची १०५ दिवसांची हजेरी हवी. एका दिवसाचा पगार ६०० रुपये आणि असे नऊ हंगाम असतील तर ४,२०० गुणिले नऊ, म्हणजे ३७,८०० रुपये. काम नगावर असेल तर शेवटच्या तीन महिन्यांच्या कमाईवरून एका दिवसाचा पगार काढतात. माथाडी मंडळात नोंद असलेल्या हमालांनी मात्र आधी मंडळातच चौकशी करावी.

पुरावा काम सोडायच्या आधी गोळा करा. नंतर गेटवरचा वॉचमनही आत सोडत नाही. पीएफचं पासबुक सगळ्यात पक्कं : कोणत्या महिन्यात कोणत्या आस्थापनेने पैसे भरले ते त्यात दिसतं. ठेकेदार दर दोन वर्षांनी नाव बदलतो आणि माणसं, मशीन, शेड तेच राहतं, तिथे हेच पासबुक कामाला येतं. सोबत ईएसआयसीचं (कामगार विम्याचं) कार्ड, बँकेतल्या पगाराच्या नोंदी, गेटपास. पगार हातात मिळत असेल तर सहीच्या वहीचा फोटो काढून ठेवा.

मग लेखी मागणी करा. जुन्या नियमांत यासाठी 'आय' नमुना आहे, पण साध्या कागदावर एवढं लिहिलंत तरी मागणी नोंदली जाते :

'मी आपल्या कारखान्यात दि. ___ पासून दि. ___ पर्यंत ___ या पदावर काम केले. शेवटचे मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून रु. ___ होते. माझी ग्रॅच्युइटी रु. ___ माझ्या खालील बँक खात्यात जमा करावी.'

अर्ज ३० दिवसांत द्या. उशीर झाला म्हणून हक्क बुडत नाही. एक प्रत हाती देऊन दुसरीवर शिक्का आणि तारीख घ्या. घेत नसतील तर स्पीड पोस्टने पाठवा आणि पावती जपा. मालकाने रक्कम देय झाल्यापासून ३० दिवसांत ती द्यायची असते. त्यानंतर जुन्या कायद्याखाली वर्षाला १० टक्के सरळ व्याज लागत आलं आहे.

'उचल बाकी आहे' किंवा 'नोटीस न देता गेलास' म्हणून ग्रॅच्युइटी जप्त होत नाही. ती कापायची कारणं मोजकी आहेत : नुकसान केलं म्हणून काढून टाकलं तर नुकसानीपुरती, आणि मारामारी किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यासाठी काढलं तर काही किंवा सगळी. 'येणे नाही'च्या कागदावर सही करावीच लागली तर मिळालेली रक्कम आकड्यात आणि अक्षरात लिहा, खाली 'ग्रॅच्युइटी मिळालेली नाही' असं स्वतःच्या हाताने लिहा आणि फोटो घ्या.

पैसे नाहीच आले तर तक्रारीचा अर्ज करा; जुन्या नियमांत त्याला ९० दिवसांची मुदत आहे. महाराष्ट्रात हे दावे कामगार न्यायालयात चालत आले आहेत. नव्या संहितेत अर्ज नेमका कुठे भरायचा ते आधी तुमच्या जिल्ह्याच्या सरकारी कामगार अधिकाऱ्याच्या कार्यालयात विचारा, म्हणजे चुकीच्या दारात महिने जात नाहीत. आदेश होऊनही मालक गप्प बसला तर वसुलीचा दाखला मागा. तो जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो आणि रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते. अर्जात मालकाची फर्म, मालकाचं नाव आणि कारखान्याचा प्लॉट नंबर बरोबर लिहिलेला असेल तरच वसुलीच्या वेळी तहसीलच्या माणसाला कोणाच्या दारात जायचं ते कळतं.