स्वस्त उपकरणाची खरी किंमत कशी काढावी

खरेदीला निघण्याआधी एक कागद घ्या. वर उपकरणाची किंमत लिहा आणि खाली चार ओळी सोडा: वीज, पुन्हा पुन्हा लागणारा माल, दुरुस्ती, वर्गणी.

आधी वीज. उपकरणाच्या मागे वॅट छापलेले असतात. वॅटला रोजच्या तासांनी गुणा, १००० ने भागा. ते झाले रोजचे युनिट; बिलातल्या दराने गुणले की रोजचे रुपये. फ्रिजला हा हिशेब चालत नाही, कारण त्याचा कॉम्प्रेसर मधूनमधून थांबतो. तिथे लेबलावरचे वर्षाचे युनिट बघा. बंद दिसणारं उपकरणही प्लगला असेल तर वीज खातं, हे बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. स्टँडबायवर सतत ५ वॅट घेणारं यंत्र वर्षाला जवळपास ४४ युनिट जाळतं. अर्धा वॅट घेणारं साडेचारसुद्धा नाही.

मग माल. प्रिंटर घेताना मी हीच ओळ विसरलो होतो. सोबत आलेली कार्ट्रिज अर्धवट भरलेली निघाली आणि दोनदा नवी घेतल्यावर प्रिंटरपेक्षा जास्त पैसे शाईत गेले. कार्ट्रिजची किंमत भागिले त्यातून निघणारी पानं, एवढं तरी दुकानात उभ्या उभ्या काढाच. फिल्टर किंवा पिशवी लागणाऱ्या यंत्रांनाही हेच लागू.

दुरुस्तीच्या ओळीवर जास्त वेळ द्या. बॅटरी स्क्रू काढून बदलता येते की चिकटवलेली आहे? सुटे भाग मिळतात का? ओळखीच्या मेकॅनिकला विचारा, तो खरं सांगेल. स्वस्त टीव्ही आणि एलईडी दिवे अनेकदा पॉवर सप्लायमधल्या कपॅसिटरपायी, म्हणजे वीज साठवणाऱ्या छोट्या भागापायी जातात. त्याचा शत्रू उष्णता: ढोबळमानाने तापमान १० अंशांनी उतरलं की त्याचं आयुष्य दुप्पट होतं. कपॅसिटर चांगला आहे की नाही, हे बाहेरून कळत नाही. त्यामुळे वॉरंटी किती वर्षांची आहे ते बघा, आणि घरी आणल्यावर टीव्ही भिंतीला चिकटवू नका, दिवा बंद काचेच्या आवरणात कोंडू नका.

वर्गणी फसवी असते. कॅमेरा स्वस्त, पण रेकॉर्डिंग बघायला दरमहा पैसे. इंटरनेटशिवाय चालतो का, मेमरी कार्ड घेतो का, हे पैसे देण्याआधी विचारा. कंपनीने सर्व्हर बंद केला, तर केवळ ॲपवर चालणारं यंत्र धडधाकट असूनही निकामी होतं.

चार्जरला मात्र हा कागद लावूच नका. घरातल्या विजेचा उच्च दाब आणि तुमच्या हातातला फोन यांच्यामध्ये आतलं इन्सुलेशन तेवढं असतं. उत्पादकाचं नाव आणि सुरक्षेचं चिन्ह नसलेला चार्जर फुकट मिळाला तरी घेऊ नका.

आता उपकरण जितकी वर्षं टिकेल तेवढ्या वर्षांचा चारही ओळींचा खर्च किमतीत मिळवा आणि त्याच वर्षांनी भागा. वर्षं जाहिरातीवरून धरू नका. वॉरंटीपेक्षा थोडी जास्त, एवढीच. महागड्या पर्यायाचाही असाच आकडा काढून शेजारी लिहा.

खरेदी झाली की पावतीचा त्याच दिवशी फोटो काढा. थर्मल कागदावरची अक्षरं पुसट होत जातात आणि पावती वाचता आली नाही तर वॉरंटी मागताना अडचण येते.